सुलटा हिरा

आमच्या पाड्यावर आणि खोडाळ्याच्या बाजारात मला हिरेवाला म्हणतात. ही पदवी माझी मीच घेतलेली आहे, त्यामुळे कुणाला दोष द्यायला जागा नाही.

नाव माझं माघ्या. सुरतेला गेल्यावर कारखान्यातल्या लोकांनी त्याचं मगनभाई केलं, आणि एकोणीस वर्षं मी मगनभाई होऊन घंटीवर बसलो. घंटी म्हणजे गरगर फिरणारी लोखंडी चकती बसवलेलं टेबल. चार बाजूंना चौघे बसतात, प्रत्येकाच्या हातात पकड आणि पकडीत हिरा. दिवाळीला घरी आलो की हे सगळं मी मीठमसाला लावून सांगायचो. एक गोष्ट मात्र गिळून टाकायचो. कारखान्यात एक माणूस अख्खा हिरा करत नाही. एकानं वरचा सपाट भाग करायचा, दुसऱ्यानं त्याच्या भोवतीचं डोकं, तिसऱ्यानं तळ. मी तिसरा. हिऱ्याचं डोकं पकडीत रुतलेलं असायचं, निमुळता तळ चकतीवर टेकायचा आणि मी पकड उलटी करून, भिंग लावून तेवढाच बघायचो. काम झालं की हिरा पुडीत, पुडी साहेबाकडे. पुरा झालेला माल काचेच्या खोलीत तपासायचे. तिथं आम्हाला जायची मुभा नव्हती, आणि बाजारात दागिन्यांच्या दुकानासमोर थांबलो तर रखवालदार अंगावर यायचा. थोडक्यात, हजारो हिरे या हातांखालून गेले आणि एकाचंही तोंड मी धड पाहिलं नाही.

पण गावात हे कोण विचारणार? वासरात लंगडी गाय शहाणी. कुणाच्या नथीतला खडा खरा की खोटा, कुणाची अंगठी नकली, सगळं माझ्याकडे यायचं. मी डोळा बारीक करून काहीतरी सांगायचो. आमची वर्षा चौथीत होती तेव्हा तिनं विचारलं होतं, “बाबा, हिरा कसा असतो?” मी पाटीवर काढून दाखवला. वर टोक, टोकाकडे जाणाऱ्या रेघा. ती म्हणाली, “हा तर पालथा भोवरा.” मी म्हटलं, “हाच हिरा. भल्याभल्यांना ठाऊक नसतो.” तिनं तो वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतला, आणि माझी छाती उगाच दोन इंच फुगली.

मंदी आली, कारखान्यानं आम्हाला घरी पाठवलं, त्याला चार वर्षं झाली. आता मी भात आणि नागली करतो. वर्षा जव्हारला रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला लागली. तिथंच तिचं नीलेशशी जमलं. नीलेश मोखाड्याच्या बँकेत आहे. त्याच्या वडिलांचं, भास्कररावांचं, जव्हारला वह्या-पुस्तकांचं दुकान आहे, आणि माणसं इतकी सरळ की मलाच त्यांच्यासमोर संकोच वाटायचा. शहरातलं घर, आम्ही पाड्यावरचे. गावात चार जण म्हणालेच, “बघू किती दिवस मान ठेवतात.” मी वरून हसलो, पण ते वाक्य कुसळासारखं टोचत राहिलं.

साखरपुड्याची तारीख ठरली आणि नीलेशनं वडिलांबरोबर घरी येऊन सांगितलं, “काका, वर्षाला अंगठीत हिरा हवाय. लांबट, ओव्हल म्हणतात तो. आणि तो तुम्हीच निवडायचा.”

आली का पंचाईत. ही पोर हातात साधं घड्याळ घालत नाही, लॅबमध्ये दिवसभर रबरी मोजे, हिला हिरा कुठून सुचला? मी वर्षाकडे पाहिलं तर ती चुलीपाशी आईला मदत करण्यात गुंतलेली. भास्करराव कौतुकानं म्हणाले, “आमचे व्याहीच हिऱ्यातले जाणकार, मग आम्ही दुसऱ्या कुणाला कशाला विचारू?” त्याच वेळी खरं सांगून मोकळं व्हायला हवं होतं. पण झाकली मूठ सव्वा लाखाची. मी मान डोलावली.

ठरल्या दिवशी मी आणि माझी बायको रामी सकाळच्या जीपनं जव्हारला निघालो. तिची पुढच्या सालाचं बियाणं निवडायची गडबड चाललेली. सूप तसंच ठेवून यावं लागलं म्हणून ती वाटभर कुरकुरत होती. माझ्या डोक्यात एकच विचार होता. आज चुकलो तर ती चूक माझ्या पोरीच्या बोटात जन्मभर राहणार, आणि सासरचा कुणीही पाहुणा तिचा हात पाहून म्हणणार, हाच का तो जाणकार बाप?

हेमराजशेठचं दुकान बाजारपेठेतच आहे. भास्कररावांच्या ओळखीचा माणूस. त्यानं बाहेरून पाच हिरे पसंतीसाठी मागवून ठेवले होते. वर्षा, नीलेश आणि भास्करराव आधीच आले होते; आम्ही पाचही जण गादीसमोर बसलो. वरती पांढरे प्रखर दिवे. त्यानं पुड्या उलगडल्या, पांढऱ्या कागदावर पाच हिरे मांडले, आणि सगळे एकदमच चमकायला लागले. नीलेशच्या तोंडून “वा” निघालं.

“प्रत्येकाचा कागद आहे,” शेठ म्हणाला. “वजन, रंग, सगळं लिहिलंय. पण एक सांगतो. गोल हिऱ्याच्या कागदावर कट कसा आहे त्याचा दर्जा लिहितात. लांबट हिऱ्याचा लिहीत नाहीत. तिथं डोळाच लागतो.”

हे ऐकून सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी चिमटा उचलला. हात नकळत आपल्या सवयीनं चालला. पहिला हिरा उलटा केला, तळ वर, भिंग डोळ्याला. मग दुसरा, तिसरा. पाचही उलटे. तळातलं मला खरोखर कळतं, ते खोटं नाही. दोन नंबरच्या हिऱ्याचा तळ पाहिला आणि जीव सुखावला. एक ओरखडा नाही, कडा कशा धारदार, टोक जिथं हवं तिथं. ज्यानं केलाय त्याचा हात धरून चहा पाजावा असं काम.

“हा,” मी म्हटलं. आवाज बऱ्यापैकी खणखणीत निघाला.

भास्करराव लगेच म्हणाले, “झालं तर मग.” शेठनं मात्र पुडी बांधायची घाई केली नाही. तो माझ्या हातांकडे पाहत होता. उलटा हिरा बघून निवड करणारं गिऱ्हाईक त्यानं पहिल्यांदाच पाहिलं असणार, पण माणूस भला, बोलला काही नाही.

बोलली रामी. इतका वेळ पदर सावरून गप्प बसलेली ती शेठला म्हणाली, “दादा, हे दिवे जरा इजवा.”

“दिवे?” शेठ गोंधळला.

“अगं, दिव्याशिवाय हिरा कसा बघणार?” मी दबक्या आवाजात म्हटलं.

“बियाणा मी उनात निवडते का?” ती माझ्याकडे वळली. “उनात पोचट दाणाबी झळाळतो. सावलीत बसून बघाया लागतो. ह्ये दिवे म्हंजी ऊनच.”

शेठ हसला, आणि उठून त्यानं एकेक बटण बंद केलं. दुकानात फक्त दारातून येणारा उजेड उरला. पाच हिरे क्षणभर विझल्यासारखे झाले. मग हळूहळू त्यांच्यात फरक दिसायला लागला.

“सुलटे कर सगळे,” रामी मला म्हणाली. “उलट्या दाण्याचा काय कळतं?”

मी सुलटे केले. रामीनं वर्षाचा डावा हात ओढला, दोन बोटं जवळ आणली आणि शेठला खुणावलं. शेठनं पहिला हिरा त्या बोटांच्या बेचक्यात, तोंड वर करून बसवला.

“लांब धर हात,” रामी म्हणाली. “लोक काय भिंग घेऊन येनार हायेत?”

पहिल्याच्या मधून खालची कातडी दिसत होती, कौलातून आभाळ दिसावं तशी. रामीनं नुसती मान हलवली. मग माझा, दोन नंबरचा. वर्षानं हात लांब केला आणि मला ते दिसलं. हिऱ्याच्या बरोबर मधोमध, आडवी, काळी सावली. तान्ह्या पोराच्या कमरेला करगोटा बांधावा तशी. हात हलवला तरी ती जागची हलत नव्हती.

“मधी काळा हाय,” रामी म्हणाली.

“बो-टाय म्हणतात याला,” शेठ हळूच म्हणाला. “थोडी सावली बहुतेक ओव्हलमध्ये असते. पण यात जरा जास्तच आहे. खालचे पैलू गुळगुळीत आहेत, पण उतार चुकलाय.”

उतार चुकलाय. मी एकोणीस वर्षं साहेबानं लावून दिलेल्या उतारावर घासत होतो. तो उतार वर काय करतो, हे मला कुणी कधी दाखवलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. कानाची पाळी गरम झाली. नीलेश कागदाशी चाळा करत होता. भास्करराव दाराबाहेर पाहत होते.

तिसऱ्याचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा उतरता निघाला. चौथा वर्षाच्या बोटात बसला आणि रामी पुढं वाकली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उजेड होता. हात हलला की तो उजेड इकडून तिकडे सरकत होता. मधे सावली होती, पण पुसट, आणि तीही हलत होती. दुकानात एक दिवा नव्हता, तरी त्या एवढ्याशा दाण्यात उजेड मावत नव्हता. पाचवाही पाहिला, पण नावापुरता. रामीनं परत चौथ्याकडे बोट दाखवलं.

“ह्यो बेस,” ती म्हणाली.

मी बघत होतो. वरून जाणारा उजेड तळाला टेकतो आणि परत वर येतो, हे माझ्यासमोर घडत होतं. तो परत येत होता तो तळावरून. कुठल्या तरी कारखान्यात, माझ्यासारख्याच कुणीतरी मान मोडून केलेल्या तळावरून. मला वाटायचं, आपण हिऱ्याची न दिसणारी बाजू केली. एकोणीस वर्षं मी कुणाला न दिसणारं काम केलं, असं मनातल्या मनात कितीदा म्हटलं असेल. आणि इथं तेवढंच दिसत होतं.

डोळे भरून आले. आता मूठ झाकून ठेवण्यात काही अर्थ राहिला नाही.

“भास्करराव,” मी म्हटलं, “मी तुम्हाला फसवलं. मी जाणकार वगैरे नाही. मी फक्त तळ घासायचो. पुरा हिरा असा समोर धरून मी आज पहिल्यांदा बघतोय. माझ्या भरवशावर राहिला असतात तर पोरीच्या बोटात करगोटा बांधून दिला असता मी.”

भास्करराव माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता तोंडघशी पडलो. त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

“अहो, मी चाळीस वर्षं वह्या विकतोय,” ते म्हणाले, “स्वतः एकही कधी भरली नाही. त्यात फसवणूक कसली?” आणि त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तो हात त्यांनी लगेच काढला नाही. त्या माणसाचे उपकार मी फेडू शकणार नाही, आणि फेडायची घाईही नाही.

वर्षा अजून हात लांब धरून बसली होती. तिच्या बोटांत हिरा होता म्हणून तिला हलता येत नव्हतं.

“मला ठाऊक होतं, बाबा,” ती म्हणाली.

“काय ठाऊक होतं?”

“मी चौथीत असताना तुम्ही मला हिरा काढून दिला होता. तो मी शाळेत बाईंना दाखवला. बाई म्हणाल्या, छान आहे, पण उलटा आहे. मग मी पुस्तकात चित्र बघितलं. तेव्हाच कळलं, बाबांना एवढाच दिसत असणार.”

इतकी वर्षं मी गावभर मिरवत होतो, आणि घरात बसलेली ही पोर सगळं जाणून गप्प होती. माझी फजिती तिनं एकदाही कुणाला सांगितली नव्हती.

“मग मला कशाला निवडायला लावलंस?” मी विचारलं. “आईला नाही तर शेठना सांगायचं.”

वर्षानं नीलेशकडे पाहिलं. नीलेश म्हणाला, “काका, तिला अंगठी नकोच होती. लॅबमध्ये मोज्यात अडकते म्हणते. मीच म्हटलं, साखरपुड्याला अंगठी लागतेच. तर म्हणाली, मग हिऱ्याची घे. आणि दुकानात बाबांना घेऊन जाऊ.”

“तुम्ही एकदा सुलटा हिरा बघावा,” वर्षा म्हणाली, “म्हणून.”

रामीनं पदर डोळ्याला लावला आणि लगेच काढला, जणू काही धूळच गेली. मी वर्षाचा हात दोन्ही हातांत धरला, हिरा पडू नये इतका जपून. चौथ्या नंबरचा हिरा माझ्याकडे तोंड करून होता. या पोरीनं, हिच्या आईनं आणि या परक्या घरानं मिळून मला माझंच काम दाखवलं होतं. एवढं देणं पदरात पडायला मी काय पुण्य केलं होतं, मला माहीत नाही.

शेठ पुडी बांधायला पुढे सरकला आणि दिवे लावायला त्यानं बटणाकडे हात नेला.

“शेठ,” मी म्हटलं, “घटकाभर राहू द्या तसेच.”