शिट्ट्यांची वही

टनरावांनी शिडीवरून हात लांबवून शून्याचा पत्रा काढला आणि त्या जागी सहाचा अडकवला. मग मान मागे घेऊन, स्वतःच काढलेलं चित्र पाहावं तसं पाहिलं. नव्याण्णव हजार नऊशे छप्पन्न.

"वाकडा दिसतोय?"

"नाही, साहेब," खाली शिडी धरून उभी असलेली सून म्हणाली.

घरी ती त्यांना बाबा म्हणायची आणि कारखान्याच्या फाटकाच्या आत साहेब. ही शिस्त तिनेच घालून घेतली होती. टनरावांना तिचं कौतुक होतं आणि थोडी गंमतही वाटायची. ते मात्र दोन्हीकडे तिला सूनबाईच म्हणत.

टनराव हे नाव कामगारांनी पाडलेलं. लग्नपत्रिका हातात दिली तरी हा माणूस एकूण किती टन कागद लागला ते विचारील, असं लोक म्हणत. त्यात फार अतिशयोक्ती नव्हती. सिमेंटच्या भट्टीवर त्यांनी सव्वीस वर्षं काढली. मग त्या भट्टीच्या धुरातला कार्बन वायू गाळून, दाबून, टेकडीवरच्या बोअरमधून किलोमीटरभर खाली खडकात सोडायचा प्रकल्प आला, तेव्हा त्याचे प्रमुख तेच झाले. खाली गेलेल्या प्रत्येक टनाचा आकडा फाटकावरच्या फलकावर ते स्वतः चढवत. सहा वर्षांत त्यांनी शिडी दुसऱ्या कुणाला दिली नव्हती.

उद्या आकडा लाखावर पोचणार होता. वर्ष संपायला नऊ दिवस होते आणि त्याआधी लाख टन पुरले तरच दुसरा बोअर मंजूर होणार होता. पहिला आताच कुरकुरत होता. त्याच्या खडकात पूर्वीसारखं मावत नव्हतं. दुसरा नाही म्हणजे प्रकल्प बंद आणि बत्तीस माणसं घरी. पेंटरने सहाव्या जागेसाठी एकाचा नवा पत्रा केला होता, सोनेरी काठाचा. टनरावांनी तो वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवला होता. दिवसातून दोनदा ते कपाट उघडून बघत आणि दुसरंच काहीतरी शोधत असल्यासारखं करत.

लाख टनांच्या दाखल्यावर सही मात्र सुनेची लागणार होती. मोजमापाचं खातं चार महिन्यांपूर्वी तिच्याकडे आलं होतं. सही करायची तर बोअर एकदा डोळ्यांनी बघावा, म्हणून ती दुपारी टेकडीवर गेली.

ती पोचली तेव्हा शिट्टी चालू होती. ही शिट्टी गावात सगळ्यांना पाठ होती. सासूबाई सकाळची शिट्टी झाली की स्वयंपाकाला लागत. ती कसली हे विचारायची गरज कुणाला पडली नव्हती. कारखाना म्हटला की काहीतरी वाजणारच. बोअरजवळच्या नळाचा व्हॉल्व्ह उघडा पडला होता आणि आतला वायू शिट्टी वाजवत मोकळ्या हवेत चालला होता.

"खाली दाब वाढला की आपोआप उघडतो," चौकीदार म्हणाला. "पहिल्या वर्षी महिन्यातून एकदा उघडायचा. आता दिवसातून तीन-तीनदा. माझ्या झोपेचं पार वाटोळं."

"आणि मीटर कुठे आहे इथला?"

"तो वाऱ्यापावसाने अडकायचा. मग साहेबांनी खाली कॉम्प्रेसरपाशी बसवला. तात्पुरता."

मीटर आधी, व्हॉल्व्ह नंतर. म्हणजे हवेत गेलेलंसुद्धा पुरलेल्यात जमा.

"किती वेळ उघडा राहतो, काही अंदाज?"

"अंदाज कशाला? लिहिलंय ना." त्याने खाटेखालून सुतळीने बांधलेल्या सहा वह्या काढल्या. शिट्टी, अकरा चाळीस ते बारा पाच. शिट्टी, चार दहा ते चार तीस. "घेऊन जा बाई. सहा वर्षांत विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

नळातून मिनिटाला किती वायू सुटतो ते धरून संध्याकाळपर्यंत तिने बेरीज तीनदा केली. तिन्ही वेळा तेच आलं. एक हजार आठशे चौऱ्याहत्तर टन.

जेवायला बसल्यावर तिने वह्यांचा गठ्ठा सासऱ्यांच्या ताटाशेजारी ठेवला.

"साहेब, हे बघाल का?"

वाढता वाढता सासूबाईंचा हात थांबला. "अगं, घरात साहेब कोण?"

सुनेने थोडक्यात सांगितलं. टनराव जेवत राहिले.

"शंभरात दोनसुद्धा नाही," ते शेवटी म्हणाले. "जगात असे कितीतरी प्रकल्प फीत कापून झाल्यावर जागचे हलले नाहीत. आपला चालला. आणि तू आता शिट्ट्या मोजणार?"

"मी नाही मोजल्या."

"नऊ दिवसांत हे भरून निघेल?"

"जेमतेम चारशे."

"बत्तीस माणसं आहेत, सूनबाई. त्यातली एक तू."

"माहीत आहे."

"मग सही करू नकोस. मी करतो."

तिने उठून पाण्याचा तांब्या आणला आणि त्यांचा पेला भरला. त्यांनी चिडून सुतळी ओढली आणि सगळ्यात वरची, पहिल्या वर्षाची वही उघडली.

पहिल्या पानावर चौकीदाराचं अक्षर नव्हतं. ठसठशीत, प्रत्येक शब्दावर सरळ रेघ मारलेलं, फलकावरच्या आकड्यांसारखंच अक्षर होतं. 'प्रत्येक शिट्टीची वेळ लिहावी. दर महिन्याला वही माझ्याकडे आणावी. एकूण टनांतून वजा करायचे आहे.' खाली तारीख आणि सही.

"काय लिहिलंय हो?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही," टनराव म्हणाले. मग सुनेला विचारलं, "वही द्यायला आला होता का गं चौकीदार कधी?"

"पहिले दोन महिने आला होता म्हणे. तुम्ही मीटिंगमध्ये होतात."

त्यांनी हात धुतले आणि वह्या घेऊन खोलीत गेले.

सकाळी लाखाच्या समारंभाचे पाहुणे आले तेव्हा फलकासमोर शिडी लागलेली होती आणि सून ती धरून उभी होती. टनराव वर चढले. सोनेरी काठाचा पत्रा त्यांच्याजवळ नव्हता. त्यांनी पहिल्या नवाला हात लावला नाही. दुसरा काढून आठ लावला, मग एक, मग दोन. शेवटचा सहा तसाच ठेवला. कालपासूनचे चव्वेचाळीस मिळवून आणि वह्यांतले वजा करून अठ्ठ्याण्णव हजार एकशे सव्वीस. फलकावरचा आकडा उतरलेला गावाने कधी पाहिला नव्हता. फाटकावरच्या पहारेकऱ्याला वाटलं, साहेब चष्मा विसरले.

"काहीतरी चुकतंय," मुख्य पाहुणे हसत म्हणाले. "कालच्यापेक्षा कमी?"

"हो."

"मग आज लाख?"

टनराव उत्तर देणार, तेवढ्यात टेकडीवर शिट्टी सुरू झाली. त्यांनी शिडीवरूनच खिशातून एक कोरी वही काढली, घड्याळ पाहिलं आणि वेळ लिहिली.

"हे काय आहे?"

"थांबा," टनराव म्हणाले. "संपू दे."

पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. हार घेऊन उभा असलेला कारकून दुसऱ्या पायावर भार देऊन उभा राहिला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. शिट्टी वाजतच होती.

"बाबा," सून खालून हळूच म्हणाली, "निदान खाली तरी या."

"धरून ठेव," ते म्हणाले, आणि पुन्हा मनगट डोळ्यांजवळ नेलं.