केदारखेड्याचं टमाट्याचं बी

नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीच्या कोल्ड रूमवर ताहेराची ड्यूटी होती. बाहेर मे महिन्याचं ऊन असो, आत शिरताना विटकरी रंगाचा स्वेटर चढवावाच लागे. देशभरातून कधीकाळी गोळा केलेली टमाट्याची जुनी वाणं तिथं पाकिटांत पडून होती. चपटी, आंबट, पातळ सालीची. ट्रकमध्ये हिंदकळूनही न फुटणारे कडक टमाटे बाजारात आले आणि ही मागं पडली. दर काही वर्षांनी ताहेरा प्रत्येक पाकिटातलं थोडं बी ओल्या कागदावर उगवून बघायची. ज्यातलं फारसं उगवत नसे, ते पाकीट भट्टीत जाई. फळ्यांवरची मोकळी जागा वाढत चालली होती.

यंदा केदारखेड्याच्या पाकिटातलं बी मात्र असं उगवलं, की एकही दाणा मागं राहिला नाही. तिचे वरिष्ठ, कल्याण सर, म्हणाले, "त्याच गावात, त्याच मातीत लावू. ताजं बी धरून आणा."

कंपनीला ते बी देणारी गोजरबाई अजून हयात होती, पण डोळ्यांनी अधू झालेली. घर आणि शेत तिची सून शालू बघायची. शालूच्या शेडनेटमध्ये एरवी मिरचीचं बीजोत्पादन चाले. या हंगामात तिथं ही टमाट्याची रोपं लागली. रोपं जोमात आली. फळं धरली तशी ताहेरा आठवड्याला एक चक्कर मारू लागली.

एकदा ती पोचली तर शालू नेटच्या दारातच उभी होती. "आपा, जरा आत या. तुम्हाला काई दाखवायचंय."

खालच्या फांद्यांवरची हिरवी फळं कुणीतरी चावली होती. तोडलेली नव्हती, जागच्या जागी चावलेली.

"उंदीर असेल," ताहेरा म्हणाली.

"उंदराचे दात असे असतात व्हय?"

ताहेरानं वाकून बघितलं. लहानशी अर्धगोल खूण, आणि पुढचा एक दात पडलेला असावा अशी मधे फट. ठिबकच्या नळीखालच्या ओल्या मातीत अनवाणी पावलं उमटली होती, एवढीएवढीशी. ती सरीच्या मधेच सुरू होत होती आणि मधेच संपत होती. दाराकडं एकही गेलेलं नव्हतं.

"शेजारपाजारचं पोरगं?"

"नेटला कुलूप असतंय. किल्ली माझ्या कमरंला." शालूचा आवाज खाली गेला. "मी रोज सकाळी पुसून राह्यले, आपा. रोज नवे उमटतात."

दोघी घराकडं आल्या. गोजरबाई लिंबाच्या सावलीत बाजेवर बसली होती. कोण आल्तं, कोण गेलं असं सांगावं तितक्या सहज ती म्हणाली, "बेबी असंल ती. तिला कच्चंच लागतंय."

शालूनं ताहेराच्या कानाशी येऊन सांगितलं. बेबीनंदा म्हणजे गोजरबाईची लेक. कंपनीची माणसं बी घेऊन गेली, त्याच साली तापानं गेलेली. तेव्हा शालूचं लग्नसुद्धा झालेलं नव्हतं.

"ते बी काढायला तीच बसल्ती माझ्यासंगं," गोजरबाई सांगत होती. "राखेत घोळवलं, फडक्यावर वाळवलं, पार कोपरापर्यंत हात भरले व्हते तिचे. आता आली तवा मी इचारलं तिला, एवढी वर्षं कुठं व्हतीस गं? तर म्हणती, लई थंडी व्हती माय. अंधार व्हता. एक बाई मधूनमधून यायची, विटकरी स्वेटर घातलेली. दिवा लावायची, बघायची, दिवा घालवून निघून जायची."

ताहेराचा तो स्वेटर कोल्ड रूमच्या दाराशी खुंटीवर असायचा. तो कधी जालन्याबाहेर आलेला नव्हता.

"तिच्यासंगं आणखीबी लेकरं व्हती म्हणती," गोजरबाई पुढं म्हणाली. "लांब लांब गावची. एकमेकांची बोली कळत न्हवती, पण चिटकून बसायची. मंग ती बाई एकेकाला न्यायला लागली. नेलेलं परत येत न्हवतं."

ताहेरा बाजेच्या कडेला टेकली. किती पाकिटं आपण आपल्या हातानं भट्टीवाल्याकडं दिली, ते तिला आठवेना, आणि आठवत नाही याचीच जास्त भीती वाटली.

फळं पिकली. शालूनं आणि ताहेरानं मिळून ती चुरली, बी धुतलं, वाळवलं. चावलेल्या फळांना दोघींनी हात लावला नाही. निघायच्या दिवशी गोजरबाईनं विचारलं, "परत थंडीत नेती का गं तिला?"

"अर्धं इथंच ठेवते, अम्मा. शालू दरसाली लावील. पण सगळं इथंच ठेवलं आणि एखाद्या वर्षी रोग पडला, तर काहीच उरणार नाही."

"बराबर हाय," म्हातारी म्हणाली. "ने मंग. पण एकटी ठिवू नको."

कल्याण सरांना ताहेरानं सांगितलं, की बी कमीच निघालं. त्यांनी मान डोलावली आणि दुसऱ्या कामाला लागले.

त्यानंतर भट्टीकडं पाकीट गेलं नाही. ज्यातला एखाददुसराच दाणा उगवे, ते ताहेरा पर्समध्ये घालून घरी आणू लागली. छतावर कुंड्या वाढल्या, जुने डबे आले, फुटक्या बादल्या आल्या. कुठली कुठली रोपं काड्यांच्या आधारानं उभी राहिली. नवरा अबुबकर हसायचा, पण मातीची पोती वर तोच नेऊन द्यायचा.

एका दुपारी खाली राहणारी रुखसार जिन्यात भेटली. तिच्या कपाळावर आठी होती.

"आपा, बुरा मत मानो. ये दोपहर में छत पे किसके बच्चे दौड़ते?"

वर छताचं दार ताहेरानंच बंद केलेलं होतं.

"अपनेच हैं," ती म्हणाली, आणि पाण्याची बादली उचलून जिना चढू लागली.