कागदांचा दिवाना

मी टाइपरायटर बोलतोय. बोलतोय म्हणजे कुरकुरतोय असं म्हणा हवं तर. या वयात आणि या गंजलेल्या अंगाने दुसरं काय जमणार? पण माझी कुरकुर वयाची नाही. जन्मभर लोकांनी माझ्याकडून जे शब्द लिहून घेतले, त्यांची आहे.

माझा जन्म विलायतेतल्या एका कारखान्यात झाला. बोटीने आलो आणि थेट सिकंदराबादच्या छावणीत एका लष्करी कचेरीत जाऊन बसलो. तिथला कप्तान शब्दांचा महाकंजूष. एकदा घोडे सांभाळणाऱ्या एका मोतद्दाराची शिफारस करायची होती. दुसऱ्या कोणी पानभर गुणगान केलं असतं. कप्तानाने माझ्यावर दोन वाक्यं बडवली : ‘ही नोज हॉर्सेस. कीप हिम.’ याला घोड्यांतलं कळतं, याला ठेवा. मोतद्दाराची नोकरी टिकली. तेव्हा मला त्यात विशेष काही वाटलं नव्हतं. त्याचं मोल पुढे भगवंतराव भेटल्यावर कळलं.

अठ्ठेचाळीस साली हैदराबादचं राज्य बदललं आणि सरकारी कचेऱ्यांत उर्दू मागे पडून इंग्रजी आली. छावणीतून मला हैदराबादच्या एका जमिनीच्या दफ्तरात आणून बसवलं. भगवंतराव तिथले हेडक्लार्क. बीडकडचे, चांगल्या शेतकरी घरातले, सगळं शिक्षण उर्दूत. त्यांचं उर्दू पत्र बाहेर पडलं की लोक ते दोनदा वाचत, एकदा कामासाठी आणि एकदा मजेसाठी. असा माणूस चाळिशीत इंग्रजी शिकायला बसला, तेही एका जाडजूड शब्दकोशातून. त्यांचा एकच नियम होता. शब्द जितका लांब, तितकी अदब जास्त.

हे सारे लांबलचक शब्द मी आणि तारामती मिळून सोसायचो. तारामती आमच्या कचेरीतली पहिली बाई टायपिस्ट. नल्लकुंट्याला राहायची, वडील रेल्वेत, सिकंदराबादच्या इंग्रजी शाळेत शिकलेली. तिला इंग्रजी येत होतं, हाच तिचा गुन्हा. कारण टायपिस्टने समोर असेल ते टाइप करायचं, त्यातलं कळून घ्यायचं नाही, अशी तिथली रीत होती. ती ओठ घट्ट मिटायची आणि राग माझ्या पट्ट्यांवर काढायची. माझा ‘ई’ तेव्हापासून वाकडा आहे.

आणि दौलत. दौलत दफ्तरखान्यातला शिपाई. नांदेडकडच्या एका खेड्यातून आलेला, उर्दू चौथी शिकलेला. तांबड्या कापडात बांधलेले हजारो बस्ते तिथे होते आणि कुठल्या गावचा कुठला खटला कुठल्या बस्त्यात आहे, हे फक्त त्याला ठाऊक होतं. कुणी कागद मागितला, की चहा सांगायचा. चहा यायच्या आत कागद टेबलावर. पावसाळा संपला की तो बस्ते उन्हात घालायचा, त्यांत कडुनिंबाचा पाला ठेवायचा, नुसत्या वासावरून कुठे कसर लागली ते सांगायचा. हे काम करायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मग छप्पन साल आलं. हैदराबाद राज्याचे तीन तुकडे होणार, आमचा मराठवाडा मुंबई राज्यात जाणार, तर कचेरीचीही वाटणी निघाली. बस्ते वाटले, खुर्च्या वाटल्या, माणसं वाटली. मराठवाड्याचे बस्ते तिकडे जाणार होते. दौलतला त्यांच्याबरोबर जायचं होतं. गावी म्हातारी आई एकटी, कोंडाबाई तिचं नाव. आणि इकडे बस्ते गेल्यावर त्याच्याजोगं कामच उरत नव्हतं. तिकडच्या कचेरीने घेतलं तर दफ्तर सांभाळणारा म्हणून पक्की नेमणूक, नाही तर इथे जादा म्हणून घरी. सगळं भगवंतरावांच्या शिफारशीवर होतं.

भगवंतरावांचा दौलतवर फार जीव. हीच तर पंचाईत झाली.

“बाई, हा माणूस कागदांचा दिवाना आहे दिवाना,” ते तारामतीला म्हणाले. “असा शौकीन मी तीस सालांत पाहिला नाही. आता बघा मी काय लिहितो.”

त्यांनी शब्दकोश उघडला. उर्दूत दिवाना ही केवढी तारीफ. वेड आणि नशा हे तिथे माणसाचे दागिने. त्यांनी ते दागिने एकेक करून इंग्रजीत उतरवले, आणि मी, दुर्दैवी, ते छापले : ‘दौलत इज अ मॅनियाक ऑफ पेपर्स अँड इनक्युरेबली अ‍ॅडिक्टेड टू धिस रेकॉर्ड रूम.’

तारामतीची बोटं मध्येच थांबली. “साहेब, याचा अर्थ वेगळा होतो.”

“अर्थ मला ठाऊक आहे, बाई. तुम्ही टाइप करा.”

पत्र गेलं. दसऱ्याच्या सुमाराला उत्तर आलं. सदर इसम कोणत्या वेडाने पीडित आहे, व्यसन कशाचं व किती वर्षांपासून, याचा सरकारी डॉक्टरचा दाखला पाठवावा. तोवर त्याचं नाव यादीतून वगळण्यात आलं आहे. महिनाअखेर याद्या बंद होतील.

भगवंतरावांनी शब्दकोशात ते दोन्ही शब्द पुन्हा काढून पाहिले. एरवी मला त्यांची चीड यायची, त्या दिवशी कीवही आली. ज्याचं भलं करायला गेले त्याच्याच पोटावर पाय आला होता. दौलत तेव्हा कचेरीत नव्हता. दोन दिवसांची रजा टाकून नागपूरला गेला होता.

मग सुरू झाले माझे हाल. भगवंतराव शब्दकोशातून एक शब्द काढत, तारामती टाइप करी, मग एक तरी हरकत निघे आणि कागद फाटे. ‘लव्हर ऑफ द रेकॉर्ड रूम’ वाचून शेजारच्या टेबलावरचे मुकुंदराव हसू दाबत बाहेर गेले. ‘एन्थुझिअ‍ॅस्ट’ झाला. तारामती म्हणाली, हा रविवारी फुलपाखरं पकडणाऱ्या साहेबांना शोभतो, पगार देणाऱ्याला वाटेल याला फुकट ठेवलं तरी चालेल. ‘कॉनॉसूर’ तीन वेळा चुकीचा छापला गेला, आणि बरोबर छापला तेव्हा कळलं की तो उंची दारू चाखणाऱ्यांना लावतात. एका व्यसनातून सुटका नाही तोवर दुसरं.

“साहेब, ‘कीन ऑन ओल्ड पेपर्स’ म्हटलं तर?” तारामतीने विचारलं. “साधं आहे. जुन्या कागदांची आवड असलेला.”

“कीन? चार अक्षरं? अहो, एवढा माणूस चार अक्षरांत मावतो का?”

मला त्या छावणीतल्या कप्तानाची आठवण झाली. ओरडून सांगावंसं वाटलं. पण घंटी वाजवण्यापलीकडे मला आवाज नाही.

दौलत परतला तो नवा पांढरा सदरा घालून. याद्यांसाठी प्रत्येकाचा एक फॉर्म भरायचा होता, तो भरायला तारामती बसली. धर्माच्या रकान्यापाशी आली. मागच्या फॉर्मवरून उतरवून घ्यायला लागली तेवढ्यात तो म्हणाला, “तिथं बौद्ध टाका, बाई.”

“बौद्ध?”

“हाव. आता तेच. परवापासून.”

तो मुळीच अडखळला नाही. तारामतीने ते ‘बुद्धिस्ट’ असं छापलं, एकेक अक्षर जपून. मग माझ्यावरून हात काढून ती त्याच्याकडे वळली. आम्ही सगळे दोन दिवस या माणसाला काय म्हणावं म्हणून शब्दकोश उलथापालथा करत होतो आणि त्यालाच कुणी विचारलं नव्हतं.

“दौलतभाऊ, तुम्ही दफ्तरखान्यात दिवसभर काय करता, सांगा बरं.”

“काय करायलोय? काही नाही,” तो ओशाळला. “कोणता कागद कुठं हाय ते मला ठाऊक हाय. पाणी लागू देत नाही. मागितला की देतो. अकरा वर्षं झाली. एक बी कागद हरवला नाही, बाई.”

तिने नवा कागद चढवला. भगवंतरावांना न विचारता, शब्दकोश न उघडता तिने चार वाक्यं लिहिली. कोणता कागद कुठे आहे हे त्याला माहीत आहे. अकरा वर्षं त्याने ते कोरडे ठेवले आहेत. एकही हरवलेला नाही. मेहेरबानी करून त्याला त्यांच्याबरोबर ठेवावं. ‘ही नोज’पासून ‘कीप हिम’पर्यंत. माझ्या वाकड्या ‘ई’नेसुद्धा त्या दिवशी कुरकुर केली नाही.

भगवंतरावांनी ते वाचलं. चेहरा असा की लग्नघरात कुणी नुसता वरणभात वाढला आहे. “यात तारीफ कुठे आहे?”

“साहेब, दौलतभाऊंना वाचून दाखवू?”

तिने मराठीत वाचलं. दौलत मान खाली घालून ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, “हां. हे मीच हाय.”

भगवंतरावांनी सही केली. मग कचेरीत राहणारी कार्बन कॉपी ओढून घेतली आणि तिच्या कोपऱ्यात टाकाने, त्यांच्या त्या सुरेख उर्दूत एक ओळ लिहिली. तारामतीला उर्दू येत नव्हतं. म्हणून त्यांनीच अर्थ सांगितला, “पण माणूस दिवाना होता. एवढं आमच्याकडे राहू द्या.”

महिना संपायला तीन दिवस असताना उत्तर आलं : दफ्तराबरोबर या माणसालाही पाठवावं. दौलत बस्ते भरलेल्या रेल्वेच्या डब्यातच बसून गेला म्हणे, बसायला दुसरीकडे जागा असूनही. जाताना त्याने मला फडक्याने पुसलं होतं. तसं नीट कुणी पुसलेलं मला त्यानंतर आठवत नाही.

मी वाकड्या ‘ई’मुळे वाटणीत कुणालाच नको झालो आणि इथेच राहिलो. पुढे मला निकामी ठरवलं तेव्हा तारामतीने घरी आणलं. आता ती फार थकली आहे आणि मी दिलसुखनगरच्या फ्लॅटमध्ये चपलांच्या कपाटावर असतो. माझ्यावर किल्ल्या ठेवतात.

काल तिच्या नातीने माझे फोटो काढले. मला विकायचं आहे. मोबाइलवर जाहिरात लिहिताना ती मोठ्याने वाचत होती, “फॉर पॅशनेट विंटेज एन्थुझिअ‍ॅस्ट्स.”

अडुसष्ट वर्षांनी तो शब्द परत आला, आणि या खेपेला माझ्याच शिफारशीत.

“घेणारा करणार काय त्याचं?” खाटेवरून तारामतीने विचारलं.

“आजी, शोसाठी घेतात गं. तू कायकू टेन्शन घेते?”

म्हणून ही कुरकुर. बाळ, माझी जाहिरात लिहायचीच तर आजीला विचारून लिही. शौकीन, दिवाने, पॅशनेट, सगळ्यांना माझा नमस्कार सांग. रिबन कुठे मिळते हे ज्याला माहीत आहे, त्याला मला दे.