हौदातला मोजा

शिरोळच्या उसाकडेला, एका बंगल्यामागे पसरलेला मी पोहण्याचा हौद आहे. पाहुणे मला स्विमिंग पूल म्हणतात, घरचे आबा मात्र हौदच म्हणतात. मित्रांनो, माझ्या अंगावर निळ्या फरशा बसल्या त्या आबांच्या नातीसाठी, तेजस्वीसाठी. शाळेतून आली की दप्तर पायरीवर आणि ती माझ्यात. तिनं मुटका मारला की पाणी पार उसाच्या पानांवर उडायचं. ते आठवलं की अजून मी काठाशी हळूच थडकतो.

आबा विहिरीत पोहायला शिकलेले. विहिरीत टाकतात तीच क्लोरीनची टीसीएल पावडर ते रोज सकाळी बादलीत कालवून माझ्यात ओतायचे. पण विहिरीला सावली असते. मी दिवसभर उघडा. सकाळचं क्लोरीन दुपारपर्यंत ऊन पिऊन टाकायचं. मी हिरवा पडलो की आबा आणखी पावडर ओतायचे. मग पाणी दुधट व्हायचं आणि तेजस्वीचे डोळे लाल.

"तुमच्या हौदापेक्षा मामाची विहीर बरी," असं म्हणून ती सुट्टीला बिद्रीला गेली.

मी वाट बघत राहिलो. पाचोळा यायचा, चिमण्या यायच्या. ती नाही.

"पोरगी येत न्हाय, तर हौद काय चाटायचा हाय?" एके दिवशी आबा सुनेला म्हणाले. "बुजवू आणि वर म्हशींचा गोठा बांधू."

"बुजवा की," संयोगिता म्हणाली. "पण एकदा दुपारी पाणी तपासायची पट्टी बुडवून बघा. तुम्ही आपली सकाळीच बघता."

सकाळी क्लोरीननं रंगणारी पट्टी दुपारी कोरीच निघाली.

"गेलं कुठं सगळं?"

"उन्हानं खाल्लं, आबा. हौदाला विहीर समजून वाढत होता तुम्ही."

दोघं कोल्हापूरला गेली. दुकानदारानं क्लोरीन आणि स्टॅबिलायझर एकत्र असलेल्या गोळ्या पुढं केल्या. संयोगितानं त्या परत सारल्या. आई उन्हात लेकरावर पदर धरते, तसा स्टॅबिलायझर क्लोरीनवर धरलेला असतो. पण तो उडून जात नाही. रोज गोळी टाकली की पदरावर पदर चढतो आणि आत गुंडाळलेल्या लेकराला हातपाय हलवता येत नाहीत. म्हणून तिनं स्टॅबिलायझर वेगळा घेतला, एकदाच, मापानं. रोजच्याला साधं पातळ क्लोरीन, तेही ऊन कलल्यावर घालायचं.

स्टॅबिलायझर लवकर विरघळत नाही. आबांनी फडकं मागितलं, तर संयोगितानं तेजस्वीचा शाळेचा जुना मोजा आणून दिला. त्यात पावडर भरून आबांनी तो पाणी आत येतं तिथं टांगला. मोजा हलायचा आणि मला वाटायचं, तिचाच पाय.

भिंती घासल्या. हळूहळू तळ दिसू लागला. दुपारच्या पट्टीलाही रंग चढला. गोठ्याचं नाव पुन्हा निघालं नाही. पण ती नसताना ते निर्मळ पाणी घेऊन मी काय करू?

आज तेजस्वी आलीय. काठावर कोरड्या पायांनी उभी आहे.

"आबा, माझा मोजा?"

"व्हय. तू येत न्हवतीस, मग त्यालाच पोहायला शिकवलं."

ती हसली नाही. खाली बसून तिनं एक पाय पाण्यात सोडला, मोज्याशेजारी.

मित्रांनो, ज्याच्यावर माया कराल, त्याला ऊन कुठून लागतं ते आधी बघा. नुसतं ओतत राहू नका.

थांबा हं. ती उठलीय. मुटका मारायला मागं सरकलीय.