राजेश्वरीच्या खिडकीवरची घोंगडी

मी एक जुनी घोंगडी आहे. रंग काळा, काठाला पांढऱ्या दोन रेघा आणि स्वभाव टोचरा. उघड्या अंगाने माझ्यावर कुणी निजलं तर सकाळी तो अंग खाजवत उठतो, यात माझा काही दोष नाही. मी मऊ व्हावं म्हणून मला कुणी विणलंच नव्हतं. मित्रांनो, माझ्या टोचण्याची तक्रार अनेकांनी केली आणि ती मी ऐकून घेतली. पण आज मला जे आतून टोचतंय ते तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म बावड्यात, ज्ञानू सणगरांच्या मागावर झाला. शेळगावच्या तात्याबांनी आपल्याच मेंढ्यांची लोकर कातरून, पोत्यात भरून त्यांच्याकडे नेली होती. ज्ञानूंच्या घरच्या बायकांनी ती पिंजली आणि तिचं सूत काढलं. जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून ज्ञानू मागावर बसत. विणून झाल्यावर त्यांनी मला चिंचोक्याची खळ लावली आणि उन्हात ताणून ठेवलं. खळ वाळली तशी मी इतकी ताठ झाले की भिंतीला टेकवून उभी करता येई.

"तात्याबा, ही तुमच्या नातवंडास्नी पुरंल," ज्ञानू म्हणाले.

तात्याबांचं तेव्हा लग्नसुद्धा झालं नव्हतं. ते लाजले आणि मला खांद्यावर टाकून चालू लागले.

पुढची वीस वर्षं मी त्यांच्या खांद्यावरून खाली उतरले नाही म्हटलं तरी चालेल. मेंढ्यांमागे हिंडताना पाऊस आला की ते माझी खोळ करून डोक्यावर घेत. ऊन असलं की मी त्यांची सावली, जेवताना त्यांचं पान माझ्यावर, आणि एखादं नुकतं जन्मलेलं कोकरू गारठलं तर तेही माझ्यातच. घरात देवाचं कार्य असलं की मानाच्या माणसाला बसायला मलाच अंथरलं जाई. "घोंगडी असावी तर अशी," असं पाहुणे म्हणत, आणि खरं सांगते, मला ते ऐकायला फार आवडे. त्यांची मुलगी राजेश्वरी लहानपणी माझ्यावरच झोपायची. सकाळी तिच्या गालावर माझी वीण उमटलेली असे आणि तिची आई सिंधुबाई तिला हसे.

मग दिवस बदलले. मेंढ्या गेल्या, रानात ऊस आला, दारात दोन जर्सी गाई आल्या. घरात फुलाफुलांची मिंक ब्लँकेटं आली. मऊ, गुलाबी, आणि एका धुण्यात गोळे धरणारी! मला कडुनिंबाचा पाला घालून ट्रंकेत ठेवलं गेलं. तिथे मी बारा वर्षं काढली. मधल्या काळात तात्याबांनी पत्र्याच्या जागी स्लॅबचं घर बांधलं, तेही मी आतूनच ऐकलं.

ट्रंक उघडली ती राजेश्वरीच्या प्रवासासाठी. ती बारामतीत नर्सिंग शिकली, तिथल्याच एका दवाखान्यात तिने चार वर्षं काम केलं, मग पुण्याला जाऊन जर्मन भाषा शिकली आणि तिला जर्मनीतल्या एका इस्पितळात जागा मिळाली. सिंधुबाईंनी मला बाहेर काढलं आणि बॅगेत कोंबायला सुरुवात केली.

"आई, तितं भिंतीला गरम पाण्याच्या नळ्या असत्यात. थंडी वाजत न्हाय."

"असू देत नळ्या. नळ्या काय अंगावर घेता येत्यात व्हय?"

अशी मी विमानात बसले. ज्या शहरात उतरले त्याचं नाव मला अजून धड उच्चारता येत नाही. इस्पितळाजवळच्या एका जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, रस्त्याच्या बाजूला राजेश्वरीला खोली मिळाली. एक पलंग, एक टेबल, एक मोठी खिडकी. पलंगावर पिसांची रजई होती, त्यामुळे मी कपाटात गेले. ट्रंक काय आणि कपाट काय, मला सवय होती.

तिथली व्यवस्था मला हळूहळू कळली. राजेश्वरी आपल्याकडे पूर्ण नर्स होती, पण तिथे तिला आधी मदतनीस म्हणूनच ठेवलं होतं. नर्स म्हणून नाव नोंदवायचं तर एक परीक्षा द्यावी लागे. एका खऱ्या रुग्णाची काळजी घेऊन दाखवायची आणि मग परीक्षकांच्या प्रश्नांना जर्मनमधून उत्तरं द्यायची. ती परीक्षा दोनदाच देता येई. पहिल्या वेळी भाषा अडली आणि ती नापास झाली. घरी तिने एवढंच सांगितलं की परीक्षा पुढे गेली आहे. आता एकच संधी उरली होती. हातात सात महिने होते आणि ती संधीही गेली तर नोकरी संपणार होती. हे सारं फक्त बारामतीतल्या तिच्या मैत्रिणीला, मोनालीला, ठाऊक होतं. आणि मला.

तिची पाळी दुपारची असे. घरी यायला रात्रीचे अकरा वाजत. जेवून, अंघोळ करून झोपायला एक. म्हणून सकाळची झोप आणि त्यानंतरचे अभ्यासाचे तीन तास हेच तिचं भांडवल होतं. नेमकं त्याच वेळी समोरची जुनी इमारत पाडून नवी बांधायला घेतली.

मित्रांनो, मी मेंढ्यांचा कालवा ऐकला आहे, कारखान्याचा भोंगा ऐकला आहे, गावच्या मिरवणुकीतला डीजेही ट्रंकेतून ऐकला आहे. पण हे काही वेगळंच होतं. सकाळी सातच्या ठोक्याला काँक्रीट फोडायचं यंत्र सुरू होई आणि टेबलावरची पेनं नाचू लागत. मग जमिनीत लोखंडी खांब ठोकण्याचा आवाज. एक ठोका, थोडी शांतता, पुन्हा ठोका. त्या शांततेत राजेश्वरी पुढच्या ठोक्याची वाट पाहत पडून राही. तिने कानात बोळे घातले. त्यावर हेडफोन चढवले. उशीखाली डोकं घातलं. इस्पितळाच्या वाचनालयात जाऊन पाहिलं, पण ते दहाला उघडे. एक दिवस तिने कपाट उघडलं, मला बाहेर ओढलं आणि पडद्याच्या पट्टीला मोठ्या टाचण्यांनी खिडकीभर लटकवलं.

आणि काय सांगू! आवाज कमी झाला. फार नाही, पण झाला. यंत्राची धार माझ्या लोकरीत बोथट झाली. राजेश्वरी अंधारात उभी राहून ऐकत राहिली आणि मग माझ्यावर हात ठेवून म्हणाली, "बरं झालं आईनं तुला दिलं."

इतक्या वर्षांनी कुणी माझं कौतुक केलं होतं. मी फुगले. त्या पिसांच्या रजईकडे मी जरा वरूनच पाहिलं. आपल्यामुळे ही पोर तरून जाईल असं मला खरोखर वाटलं.

त्याच आठवड्यात दारावर एक कागद चिकटवला गेला. उच्चार सुधारावा म्हणून राजेश्वरी असे कागद मोठ्याने वाची आणि मग स्वतःलाच मराठीत सांगे. "बांधकामाचा आवाज आठ महिने राहील. ज्यांना त्रास होत असेल त्यांनी इमारतीच्या व्यवस्थापकांना लेखी कळवावं. काही सोय करता येईल का ते पाहू." तिने वही उघडली. दोन ओळी लिहिल्यासुद्धा. तेवढ्यात घरून फोन आला. तिच्याकडे सकाळचे नऊ म्हणजे शेळगावात जेवणाची वेळ. तात्याबा रानातून येऊन बसले होते.

"त्यो कसला दणका चाललाय गं?" त्यांनी विचारलं.

"समोर बांधकाम काढलंय, तात्या. झोप न्हाय की अभ्यास न्हाय. अर्ज लिवतीय."

"अर्ज? कुणाच्या घराच्या कामाला आपून नाट लावायची न्हाय. आपलं घर बांधताना शेजारच्या दादासाहेबाच्या दारात चार म्हैनं खडी पडली हुती. बोलला का त्यो एक शब्द? उलट गवंड्यास्नी च्या दिला त्यानं."

"घर न्हाय तात्या, पाच मजली बिल्डिंग हाय."

"मग काय झालं? ऱ्हाणार माणसंच की. वाईच कळ काढ."

त्यांचं चुकलं असं मी कशी म्हणू? आमच्याकडे रीत तशीच आहे. शेजारी पाया खणला की आपण पाणी द्यायचं, दिव्यासाठी वायर द्यायची, स्लॅब पडला की नारळ घेऊन जायचं आणि जेवून यायचं. दुसऱ्याच्या घराच्या कामाला विरोध करणारा माणूस गावाच्या नजरेतून उतरतो. आणि ही पोरीची शेवटची परीक्षा आहे, हे तात्याबांना कुठे माहीत होतं? राजेश्वरीने ते तेव्हाही सांगितलं नाही. तिने लिहिलेलं पान फाडलं, माझी एक निसटलेली टाचणी पुन्हा घट्ट केली आणि पुस्तक उघडलं.

एवढंच नाही. रविवारी तिने शिरा केला आणि सोमवारी सकाळी डब्यात घालून समोरच्या कामगारांना नेऊन दिला. त्यांचा मुकादम डब्याकडे पाहत राहिला. आजवर इमारतीतून त्याच्याकडे आलेली माणसं भांडायलाच आलेली असणार. त्याने दोन्ही हातांनी डबा घेतला, धुऊन परत केला, आणि मंगळवारी सातच्या ठोक्याला यंत्र सुरू केलं.

सात महिने असे गेले. मी लटकत होते. राजेश्वरीच्या डोळ्यांखाली काळं आलं. ती वाचलेलं विसरू लागली, तेच पान पुन्हा पुन्हा काढू लागली. दूध उतू गेलं तरी तिला कळत नसे. मला ते दिसत होतं, आणि तरी माझा तोरा गेला नव्हता. आपण अर्धा आवाज अडवतो म्हणून मी खूश होते. उरलेला अर्धा कुठे जातो, हे मी पाहिलंच नाही.

परीक्षेला ती जेमतेम साडेतीन तासांच्या झोपेवर गेली. संध्याकाळी परत आली, बूट न काढता पलंगावर बसली आणि मोनालीला फोन लावला.

"पेशंटनं दोनदा सांगितलं हुतं, मोने. अमुक औषध मला चालत न्हाय म्हणून. दोनदा! मी मान डोलावली आणि पुढं परीक्षकांना सांगताना तेवढंच ऱ्हायलं. मला ऐकूच आलं न्हाय गं. कानात ठोकं पडत हुतं. तितं कसला आवाज नव्हता, तरी पडत हुतं."

मित्रांनो, नर्सने ती गोष्ट विसरून चालत नाही. परीक्षकांनी तिला नापास केलं ते बरोबरच केलं.

महिनाभरात नोकरी संपली. खोली सोडायच्या दिवशी व्यवस्थापक किल्ली घ्यायला आले. थोराड, बोलायला मऊ माणूस. जिन्यातून तिचं सामान उतरवलं जात होतं म्हणून त्यांनी राजेश्वरीला थोडा वेळ मागच्या बाजूच्या एका खोलीत थांबायला सांगितलं. मी तिच्या हातात घडी होऊन होते. त्या खोलीत पलंग होता, टेबल होतं आणि खिडकीबाहेर मागचं अंगण होतं. कुठलाही आवाज नव्हता. एक पक्षी बोलत होता, तेवढाच.

"इथे कोण राहतं?" राजेश्वरीने विचारलं.

"कुणीच नाही," ते म्हणाले. "ज्यांना आवाजाचा त्रास होईल त्यांच्यासाठी दोन खोल्या रिकाम्या ठेवल्या होत्या. खालच्या मजल्यावरच्या आजींचं पत्र आलं, त्यांना शेजारची दिली. दुसरं पत्र आलंच नाही. तुमच्या खिडकीला जाड पडदा दिसायचा. मला वाटलं, तुमची सोय झाली."

तो जाड पडदा मी होते.

राजेश्वरी पलंगाच्या कडेवर बसली आणि मला मांडीवर घेतलं. व्यवस्थापक सामान पाहायला खाली गेले आणि पाच मिनिटांत परत आले, तर ती बसल्या जागी भिंतीला टेकून झोपली होती. इतकी गाढ झोपलेली मी तिला लहानपणानंतर पाहिली नव्हती. त्यांनी तिला उठवलं नाही. दार हळूच ओढून घेतलं. तिची गाडी सुटायला अर्धा तास उरला तेव्हाच त्यांनी दार वाजवलं.

आता आम्ही शेळगावात आहोत. राजेश्वरी रोज बारामतीला एका दवाखान्यात जाते. काम चांगलं करते, असं सगळे म्हणतात. परवा तात्याबांनी मला उन्हात घालायला काढलं आणि वरच्या काठाची भोकं पाहून ते थबकले.

"ही कशानं पडली गं?"

तेव्हा तिने सारं सांगितलं. कागद, फाडलेलं पान, शेवटची संधी, मागची खोली. तात्याबा खाली मान घालून ऐकत होते. त्यांचं बोट माझ्या एकेका भोकावरून फिरत होतं.

"एवढं हुतं, तर मला बोलायचं हुतंस, बाय."

"तुमी काळजी करत बसला असता."

"केली असती की. बाप कशाला हाय?" ते म्हणाले. मग माझा काठ सारखा करत म्हणाले, "मी उगं म्हणलं कळ काढ. तुला इचारायचं तरी हुतं, किती कळ लागतीय ते."

राजेश्वरी रडली. सिंधुबाईंनी चहा ठेवला, पण तो कुणी घेतला नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंनी शेवटी तुमच्याकडे काहीतरी मागायचं असतं. मला वर्षातून दोनदा ऊन दाखवा, पाण्यात बुडवू नका, कसर लागू देऊ नका. एवढं केलंत तर मी आणखी पुष्कळ वर्षं टिकेन. पण मला त्याहून मोठं काही मागायचं आहे. सोसणाऱ्या माणसाला आणखी थोडं सोसता यावं म्हणून मला वापरू नका. मी ते काम एकदा फार नेटाने केलं आणि माझ्याच पोरीचं नुकसान केलं. तुमच्या ओळखीचं कुणी लांब, परक्या गावी राहत असेल आणि फोनवर "बरं चाललंय" म्हणत असेल, तर लगेच फोन ठेवू नका. झोप लागते का, एवढं विचारा. आणि तुम्हालाच त्रास होत असेल तर तो ज्याला सांगायला हवा त्याला वेळेत सांगा. मी सात महिने तिच्याजवळ होते, सगळं पाहत होते, आणि मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.