हरकतीची शेवटची तारीख

माझ्या व्हिजिटिंग कार्डावर ‘धोरण सल्लागार’ असं छापलंय. काम काय, तर बियाणं कंपन्यांच्या महासंघातर्फे अधिकाऱ्यांच्या केबिनबाहेर बसायचं आणि कंपन्यांना टोचणारा प्रत्येक नियम बोथट करून आणायचा. नऊ वर्षं मी हे इमानेइतबारे केलं. महासंघाचे अध्यक्ष श्रीनिवाससाहेब दर बैठकीत माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगत, "आमचे माऊली घुले स्वतः मांजरी गावचे शेतकरी आहेत." हात झटकून टाकावासा वाटे. मी हसायचो.

चौदा वर्षांपूर्वी हेच साहेब एका कंपनीचे विक्री अधिकारी होते. त्यांच्या बियाण्यानं माझ्या दोन एकर फ्लॉवरला नुसता पाला आला, गड्डा धरेना. तक्रार करतो म्हणालो, तर साहेब बांधावर आले, आमच्याकडे जेवले आणि म्हणाले, थोडं थांबा, हा वाण उशिरा धरतो. महिन्यानं म्हणाले, मोडून टाका, नवं बियाणं फुकट देतो. मी रोटाव्हेटर फिरवला. बियाणं आलं नाही. तक्रार समितीपुढे साहेबांनी शांतपणे विचारलं, की पीकच उभं नाही तर पंचनामा कशाचा करणार? तक्रार निकालात निघाली. उभं पीक कुणाच्या शब्दावर मोडलंस, एवढंच वडिलांनी विचारलं. मरेपर्यंत त्यांनी पुन्हा माझ्या हातात बियाणं दिलं नाही. त्या लाजेनं मी शेती सोडली. राग तेवढा बरोबर आणला.

यंदा नव्या नियमाचा मसुदा निघाला. पीक मोडलेलं असलं तरी तक्रार घ्यायची, आणि बियाणं चांगलं होतं हे कंपनीनं सिद्ध करायचं. हरकतींना मुदत तीस दिवस. हरकत आली नाही तर नियम आहे तसा लागू. सगळ्या कंपन्यांची मिळून महासंघानं एकच हरकत द्यायची ठरली. ती शेवटच्याच दिवशी द्यायची, म्हणजे समोरच्यांना उत्तराला वेळ राहत नाही, ही साहेबांची जुनी पद्धत. लिहिणारा मी, आणि कचेरीत नेऊन आवक शिक्का मारून आणणाराही मीच.

शेवटच्या दिवशी दुपारी मी फाइल घेऊन कसबा पेठेत गेलो, अमृततुल्यात बसलो आणि तीन चहा प्यालो. साहेबांचे दोन फोन आले. रांग आहे, थोडं थांबा, असं दोन्ही वेळा सांगितलं. इतका गोड चहा आयुष्यात प्यालो नव्हतो.

कचेरी बंद झाल्यावर मी महासंघात परतलो आणि फाइल तशीच साहेबांच्या टेबलावर ठेवली.

साहेबांनी पहिलं पान पाहिलं, शेवटचं पाहिलं. "शिक्का कुठाय?"

"नेलीच नाही."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. फ्लॉवर, जेवण, रोटाव्हेटर, समिती. त्यांचा चेहरा पडेल, ते हात जोडतील, निदान नजर तरी चुकवतील, याची मी चौदा वर्षं वाट पाहिली होती.

साहेबांनी चष्मा काढला. कपाळाला आठ्या घालून त्यांनी खरोखरच आठवायचा प्रयत्न केला.

"मांजरीत तसे पुष्कळ होते हो," ते म्हणाले. "त्यातले आपण नक्की कोणते?"

माझं अंग पेटलं. मी दाराला आतून कडी लावली, त्यांच्यासमोर खुर्ची ओढली आणि रोप लावलं त्या दिवसापासून पुन्हा सांगायला सुरुवात केली.