खुंटीवरचा कागद

"विचारलं असतं तर तोंड दुखलं असतं का हिचं?"

सोजरबाईंनी काठी मधल्या खोलीच्या भिंतीकडे रोखली. हिंदुराव बशीत चहा ओतत होता, तो ओतायचा थांबला. खुंटी तीच होती. तिच्यावरचा कोट मात्र गेला होता आणि त्या जागी पुठ्ठ्यावर चिकटवलेला एक काळपट कागद सुतळीने टांगला होता.

"बारा वर्षांत त्या कोटाला म्या कुणाला शिवू दिलं न्हाई. ही उठली आन काढून मोकळी झाली. आन लावलं काय, तर फडकं पिळल्यालं पाणी!"

"मास्तरांनी दिलंय ते," हिंदुराव म्हणाला. "चित्र हाय, आई. शाईचं. आता अशीच काढत्यात. त्यात कायतरी दिसायलाच पायजे असं नसतं."

"मग टांगायचं कशाला?"

हिंदुरावाने बशी तोंडाला लावली.

आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. शकूला सगळं ऐकू जात होतं. थापटणं एकदाही चुकलं नाही, आणि सोजरबाईंना त्याचाच जास्त राग आला. बोलणी खाल्ल्यावर सुनेने थोडं तरी थबकावं.

कोट मच्छिंद्रचा होता, त्यांच्या धाकट्याचा. जुलैत पाणशेतचं धरण फुटलं त्या सकाळी तो भाजीची गाडी जुंपून मंडईला निघाला, तेव्हा आभाळ गळत होतं. दारात पोचला आणि परत फिरला. "कोट भिजंल, ऱ्हाऊ दे," म्हणाला, खुंटीला लावला आणि घोंगडी घेऊन गेला. तिसऱ्या दिवशी कुणीतरी एक बैल आणून दारात बांधला. दुसरा बैल, गाडी आणि मच्छिंद्र यातलं काही आलं नाही. सोजरबाई नदीकाठच्या पेठांतून आठ दिवस हिंडल्या. घरांच्या भिंतींवर त्यांच्या डोक्याच्याही वर चिखलाची रेघ उमटली होती. त्या रेघेखाली उभं राहून त्यांनी माणसांना विचारलं, उंच, उजव्या भुवईवर वण, पाहिला का. माणसं आपापलं घर उपसत होती.

प्रेत मिळालं नाही, म्हणून मच्छिंद्र मेला नाही. सोजरबाईंनी ठरवलं आणि घराने मानलं. रोज संध्याकाळी त्याच्या वाटणीची एक भाकरी झाकून ठेवायची आणि सकाळी ती बैलाला घालायची. त्याच्या बायकोने, शकूने, कुंकू लावायचं. रोज सकाळी सोजरबाई आधी सुनेच्या कपाळाकडे बघत, मग सूर्याकडे. शकू तेव्हा एकोणीस वर्षांची होती, आता एकतीसची. परवा बारा वर्षं पुरी होणार होती. बारा वर्षांनी दर्भाचा पुतळा करून क्रिया उरकता येते, असं भटजींनी सांगितल्याचं हिंदुराव गेल्या आठवड्यात बोलला. सोजरबाईंनी पाण्याचा तांब्या फेकून मारला होता. तांब्याला पोचा आला. हिंदुरावाने परत विषय काढला नव्हता.

दुपारी माणसं मळ्यात गेली. बिबवेवाडीच्या रस्त्याला खडी पडत होती, तिचा आवाजही जेवणाच्या सुट्टीत थांबला. सोजरबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. नको म्हटलं तरी नजर वर जायची.

कागद सुकलेला होता, हे त्यांना ठाऊक होतं. पण दाराचा उजेड त्याच्यावर तिरपा पडला आणि तो ओला दिसायला लागला. काळं पाणी एका कडेला दाटलं होतं, मग विरळ होत राखेसारखं पसरलं होतं. सोजरबाईंना आधी ती भिंतीवरची रेघच वाटली. पुराचं पाणी आपल्या घरात कधी आलं नव्हतं, ते आज आलं, खुंटीएवढं चढलं. त्यांनी पाय जवळ ओढून घेतले. मग स्वतःचाच राग येऊन उठल्या, पुढे झाल्या आणि कागदाला बोट लावलं. बोट कोरडं होतं. तरी त्यांनी ते पदराला पुसलं.

जवळून ती रेघ नव्हतीच. फेर होते. एकावर एक चढलेले, कमानीसारखे, आधीच्याला थोडा झाकत पुढे सरकणारे. शाईच्या आत पाच बारीक ओळी धावत होत्या, आणि प्रत्येक फेर संपताना जरा दाबला होता. खालचा एक कोपरा पांढरा राहिला होता.

सोजरबाईंचा उजवा हात आपोआप हवेत फिरला. जन्मभर त्यांनी जमीन सारवली होती. पण हाताचा फेर कागदाशी जुळेना. त्यांनी काठी भिंतीला लावली आणि डावा हात फिरवून बघितला.

जुळला.

या घरात डाव्या हाताने सारवणारी एकच बाई होती. लग्न होऊन आली तेव्हा जेवताना तिच्या डाव्या हातावर सोजरबाईंनी उलथनं मारलं होतं. जेवणाचा हात वळला, सारवणाचा वळला नाही. आणि कोपरा राहतो म्हणून तर त्या तिला अजून बोलत.

कागदावर सगळीकडे सारवण होतं. रांगोळी कुठेच नव्हती.

ओसरीवर शेण फिरलं की दोन बोटं रांगोळी ओढायचीच, हे चार वर्षांच्या पोरीलाही कळतं. नुसतं सारवून सोडायचं ते एकदाच, घरातनं माणूस उचलून नेलं की त्या जागेवर.

गोठ्यालगतच्या भाड्याच्या खोलीत शरच्चंद्र मास्तर ट्रंक भरत होते. बुधवार पेठेतल्या शाळेत ते चित्रकला शिकवायचे. बडोद्याला नोकरी लागली म्हणून पाच वर्षांचं बिऱ्हाड हलवत होते. सोजरबाई दारात दिसल्या तशा ते गडबडीने उठले.

"या ना, बाई. बसायला मात्र काही शिल्लक नाही."

"बसायला न्हाई आले. त्या कागदावर काय काढलंय?"

मास्तर हसले. "हे मला पुण्यातल्या जाणकारांनीही विचारलं नाही. त्यांना आधीच कळलेलं असतं."

"मला न्हाई कळत. म्हणून विचारलं."

मास्तरांचं हसू ओसरलं. त्यांनी खिडकी दाखवली. तिच्यातून घरामागची पडवी दिसत होती.

"रागावू नका. तुमच्या शकूताई सारवतात, तो हात काढलाय. माणूस नाही, फक्त हात कसा जातो ते. कितीतरी कागद वाया गेले, तेव्हा एक उतरला. परवा निरोप घेताना विचारलं, काय देऊ, तर त्यांनी एवढंच मागितलं."

"सारवलं की रांगोळी असती. ती का न्हाई काढली?"

"नव्हती हो त्या दिवशी. बघितलं तेवढंच काढलं." मास्तर ट्रंकेच्या कडीशी खेळत राहिले. "गंमत सांगू का? रोज पुढच्या ओसरीवर अगदी नेमाने असते. पण वर्षातून एकदा, पावसात, मागच्या पडवीत एवढासा तुकडा सारवतात, पाटाएवढा. जरा वेळ शेजारी बसतात आणि तसाच सोडून उठतात. आलो त्या वर्षी बघितलं, मग दर वर्षी बघत गेलो. जुलैत, बारा-तेरा तारखेला. मला वाटलं, विसरत असतील. आमच्या घरी फरशी, मला त्यातलं काही कळत नाही."

सोजरबाई खिडकीतून पडवीकडे बघत राहिल्या. पडवी कोरडी होती. तिथे एक सूप आणि खराटा होता.

"काही चुकलं का माझं?" मास्तरांनी विचारलं.

"न्हाई," सोजरबाई म्हणाल्या. "बघून काढलंत. कोपरा बी सोडलात."

दिवेलागणीला शकू चुलीपुढे होती. शेवटची भाकरी तिने तव्यावरून काढली, परातीखाली झाकली आणि वळली तर सासू उंबऱ्यात उभी. एवढ्या वर्षांत सोजरबाई चुलीपाशी क्वचितच यायच्या.

"कोट कुठं ठिवलास?"

"पेटीत, आत्याबाई. लिंबाचा पाला घालून." शकूचा आवाज खाली गेला. "खांद्याला कसर लागली होती. सांगितलं असतं तर तुम्ही हात लावू दिला नसता."

सोजरबाई गुडघ्यावर हात देत खाली बसल्या. परात उचलली, मच्छिंद्रची भाकरी घेतली. वाफ निघत होती. ती त्यांनी दोन्ही हातांनी मोडली. एक तुकडा मोठा झाला. मोठा त्यांनी शकूच्या ताटात टाकला आणि लहान स्वतः घेतला. शकू ताटाकडे बघत राहिली. बोटं पिठाची होती, तशीच तिने पदरात गुंडाळली.

सोजरबाईंनी घास चावून गिळला. मग बोलल्या, नेहमीच्याच आवाजात, ओसरीवरच्या हिंदुरावालाही ऐकू जाईल असं.

"चोरटी हायेस तू, शकू. बारा वर्षं माझ्या पोराला मागच्या दारानं पोचवत ऱ्हायलीस. परवा मधल्या खोलीत सारव, त्या खुंटीखाली. कोपरा सोडू नगंस. आन रांगोळीचा डबा आजच वर ठिवून दे."